सिद्धेश्वरी घरगाडीत राहायला गेली

दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीत बातमी उठली, की सिद्धेश्वरीनं नवरा सोडला आणि ती वेणीमाधव सरांच्या घरगाडीत राहायला गेली. पुरावा भक्कम होता. काखेत उशी आणि हातात जेवणाचा डबा घेऊन तिला भरदुपारी गाडीत चढताना निम्म्या गल्लीनं पाहिलं होतं. चढल्याबरोबर तिनं दार आतून ओढून घेतलं, खिडक्यांच्या काचाही सरकवल्या. आणि बाहेर मल्लिनाथ, म्हणजे तिचा लग्नाचा नवरा, खाकी गणवेशात उभा राहून दार बडवत होता, "अगं उघड की! मी काय उपाशी मरू व्हय?"

ही बातमी मी उठवली नाही, एवढं आधीच सांगून टाकतो. मी ती फक्त सात रस्ता चौकापर्यंत नेऊन पोचवली. वाटेत तिचं वजन थोडं वाढलं असेल, तर त्याला माझा इलाज नाही.

खरी गोष्ट अशी. उशी गुडघ्याखाली घ्यायला होती, कारण गाडीतल्या बाकड्याखाली वाकून काम करायचं होतं आणि बाईंचे गुडघे आता चाळिशीपार गेलेत. डबा मल्लिनाथचा होता. तो एसटीत कंडक्टर आहे; ड्यूटीवर निघालेल्या माणसाचा डबा बायकोनं घाईत आपला समजून उचलला, तर तो दार बडवणारच. राहिला प्रश्न दार-खिडक्या बंद करून त्या उकाड्यात आत बसण्याचा. ते समजायला आधी बाई कोण ते समजायला हवं.

सिद्धेश्वरी माझी शेजारीण. आमच्या दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे तिच्या घरातलं मला ऐकावं लागतं. मी कान लावतो असं नाही, भिंतच पातळ आहे. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, शेतकऱ्याचं. रागावली की कानडी, कामात असली की सोलापुरी, आणि गिऱ्हाईक पुण्याचं असलं की दोन वाक्यं पुस्तकातली बोलून तिसऱ्याला परत सोलापुरीवर येते. आयटीआयला तिनं रेडिओ-टीव्हीचा वर्ग घेतला, तेव्हा खोलीत सगळी पोरं आणि ही एकटी. मास्तरांनी विचारलं म्हणे, "शिवणकामाचा वर्ग शेजारी आहे, चुकून आलीस का?" त्यावर ही म्हणाली, "मी बरोबर आले सर. तुमी चुकून आला असाल तर बघा." हे मला तिनंच सांगितलंय, त्यामुळे मास्तरांचा निम्मा अपमान मी वजा करून ऐकतो.

गल्लीच्या तोंडाला तिचं दुकान आहे, सिद्धेश्वरी इलेक्ट्रॉनिक्स. आधी यंत्रमागांच्या मोटारी केल्या, मग टीव्ही, मग इन्व्हर्टर, आता तर ज्याला वायर आहे ते सगळं. बिघडलेली वस्तू पुढ्यात आली की ती आधी तिचा वास घेते. अक्षरशः. झाकण काढायचं आणि नाक आत. "कपॅसिटर गेलाय," नाहीतर, "हितं उंदीर मेलाय, तुमचं यंत्र जिवंत हाय." मीटर नंतर. काम झालं की जळालेला भाग कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवते, "हे घ्या तुमचं मढं."

आणि एक वाक्य तिचं ठरलेलं: "काय गेलं ते कुणीबी सांगंल. का गेलं ते सांगितलं तर दुरुस्ती, न्हायतर नुसती भरती." हे ती इतक्यांदा बोलते, की डाळ शिजली नाही तेव्हा आमच्या घरात कुकरसमोरही ते बोललं गेलंय. बोलणारी माझी बायको, ऐकणारा मी. झाकणाची रबरी रिंग आणायची माझ्याकडून राहिली होती.

आता घरगाडी. वेणीमाधव सर आणि यशोदाबाई समोरच्या घरात राहतात, दोघंही निवृत्त शिक्षक. यशोदाबाईंनी नोकरीभर शाळेच्या सहली काढल्या आणि प्रत्येक सहलीत एकच गोष्ट पाहिली, मुलांची डोकी. त्या म्हणतात, "विजापूरच्या गोलघुमटात मी इतक्यांदा गेले, पण मान वर करून घुमट पाहिला नाही. वर बघितलं की खाली एक पोरगं कमी व्हायचं." म्हणून निवृत्त झाल्यावर दोघांनी एका शाळेची तशीच निवृत्त मिनीबस घेतली. सीटा काढल्या, पलंगासारखं बाकडं बसवलं, ओटा केला, छोटा फ्रीज, पंखा, दिवे. बाईंना हंपीला जायचं होतं. कुणाची हजेरी न घेता, एका दगडापुढं वाटेल तेवढा वेळ उभं राहायचं होतं. नवऱ्याचीही हजेरी घेणार नाही म्हणाल्या, ते ऐकून सर जरा हबकले होते.

या गाडीत बाकड्याखाली एक पत्र्याची पेटी आहे, कन्व्हर्टर. मला उमजलं ते असं: मुक्कामाला पोचलं की कुणाच्या तरी घरातल्या सॉकेटातून गाडीला वायर जोडायची. घरची वीज असते दोनशे तीस व्होल्टची. ही पेटी तिला दमात घेऊन बारा व्होल्टवर आणते. त्यावर दिवे, पंखा, फ्रीज चालतात आणि गाडीतली बॅटरी भरते. पेटी बंद पडली तर बॅटरीवर थोडा वेळ निभतं, पुढं अंधार आणि फ्रीजमध्ये आपोआप दही.

दसरा झाला आणि हंपीआधी रंगीत तालीम म्हणून दोघं मोहोळला गेले, सरांच्या मित्राच्या मळ्यात. दुपारचं जेवण झालं, वायर जोडली, पंखा लावून आडवे झाले, आणि बाकड्याखालून जळका वास. सरांनी वायर उपटली. पेटी सिद्धेश्वरीच्या टेबलावर आली. मी तिथं होतो. मी असतोच.

तिनं नाक घातलं. "हम्म. तळलंय." मग उडालेला फ्यूज बदलला आणि पेटीला थेट वीज न देता मध्ये एक साधा बल्ब जोडून दिली. बल्ब भगभगीत पेटला. "आत शॉर्ट हाय. नुसता मिणमिणला असता तर चांगलं असतं." वायर काढून तिनं आतल्या एका जाड्या डब्याला आधी बल्ब टेकवून रिकामं केलं. मी विचारलं, वायर काढलीय, मग हे कशाला? म्हणाली, "ह्याच्या पोटात करंट साठून ऱ्हातोय, भावजी. बोट घालू नका. म्हंजे घाला खरं, गल्लीत जरा शांतता हुईल."

मग मीटरची टोकं तीन पायांच्या एका काळ्या किड्याला लावली. मीटर लांबलचक किंचाळला. "हा बघा, मॉस्फेट मेला." विजेची उघडझाप करायचं काम या मॉस्फेटचं. ते तो सेकंदाला हजारो वेळा करतो. आमच्या घरी दिवा बंद करायला तीनदा सांगावं लागतं. तिनं नवा बसवला, पेटी चालू केली. मीटरवर बरोबर आकडा आला. बॅटरी तिनं आधीच बाजूला काढली होती, नाहीतर मीटर बॅटरीचाच आकडा दाखवतो आणि माणूस पेटी सुधारली म्हणून खूश होतो.

"पण का गेला?" मी तिचंच वाक्य तिला वाढलं.

"मळ्यातली लाईट. वर-खाली हुतीया. त्यानंच गेला."

इतक्या ठसक्यात सांगितलं, की मलाही पटलं. पेटी गाडीत परत गेली.

दुसऱ्यांदा ती मोडनिंबला जळाली. यशोदाबाईंची भाची ऋतुजा तिथं दिलेली आहे. नवं घर, लाईट खणखणीत, वर-खाली काही नाही. तरी दुपारच्या झोपेत तोच वास. आणि या वेळी बाकड्याच्या प्लायवूडवर खालच्या बाजूनं काळा डाग पडला. त्याच बाकड्यावर यशोदाबाई झोपल्या होत्या.

ही बातमी पुण्याला त्यांच्या मुलाला, राजसला, समजली. (मी नाही कळवली. ऋतुजानं कळवली.) राजस चिडला नाही, ओरडला नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "आई, तू जळत्या पेटीवर झोपली होतीस." मग त्यानं गाडीला गिऱ्हाईक पाहिलं, आणि रविवारी येऊन गाडी घेऊन जातो म्हणाला. पोरगं चुकीचं बोलत नव्हतं.

यशोदाबाई स्वतः पेटी घेऊन दुकानात आल्या. रडल्या नाहीत. स्टुलावर बसून म्हणाल्या, "सिद्धेश्वरी, रविवारी राजस गाडी नेणार. मी त्याला अडवू शकत नाही, कारण हे कशानं जळतंय ते मलाच सांगता येत नाही. तू शोधलंस तर मी त्याच्याशी भांडेन. तुला नसेल कळत तर तसंही सांग, मग मी हंपीचं कॅलेंडर आणून भिंतीला लावते."

सिद्धेश्वरीनं पेटी आपल्या पुढ्यात ओढली. म्हणाली, "कॅलेंडर आणू नका, बाई."

पेटी उघडली, तर पुन्हा मॉस्फेटच. तिनं तो बदलला आणि पेटी टेबलावर दिवसभर चालवली. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवली, जास्तीचे दिवे लावून. पेटी मजेत. तिनं पेटीला कानडीत काहीतरी सुनावलं, जे मी इथं लिहीत नाही, कारण मला अर्ध्याच शब्दांचा अर्थ माहीत आहे आणि तेवढा पुरेसा आहे. "हितं मरतच न्हाय! तितं गेली की मरती. माझ्या तोंडावर लई गुणाची."

मल्लिनाथ दारात मोजे घालत होता. तो म्हणाला, "आमच्या डेपोतबी तसंच असतं की. उभी असली की गाडी गुणाची. भरून घाटाला लावली की मग खरं बोलती."

सिद्धेश्वरीनं हातातला पेचकस खाली ठेवला. टेबलावर पेटीचं झाकण उघडं होतं, वारा लागत होता. गाडीत ती झाकणासकट बाकड्याखाली कोंडलेली असते. म्हणजे हिला कोंडूनच बघायला पाहिजे. तिनं पेटी गाडीत बसवली, बॅटरी मुद्दाम अर्धी उतरवून ठेवली म्हणजे पेटीला भरपूर ओढायला लागेल, आणि शनिवारी दुपारी उशी उचलली, डबा उचलला, गाडीत शिरली आणि दार लावलं. तीच ती बातमी.

डबा द्यायला तिनं दार किलकिलं केलं. डबा बाहेर गेला, त्या फटीतून मी आत.

"भावजी, आलाय तर गप बसा. मला ऐकायचंय."

"काय?"

"तुमी बोलत असताना जे ऐकू येत न्हाय ते."

दिवे चालू, फ्रीज चालू, छताचा पंखा चालू. बाकड्याचं फळकूट बंद. मी घामानं निथळायला लागलो. ती उशीवर गुडघे टेकून फळकुटाला कान लावून बसली होती, अगदी मी आमच्या भिंतीला बसतो तशी. म्हणजे बसत असतो तर कसा बसलो असतो, तशी. बराच वेळ गेल्यावर तिनं फळकूट उचललं, पेटीवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यागत मागं घेतला.

"एवढी तापली, तरी हिचा पंखा कुटं फिरतोय?"

पेटीच्या आत एक तळहाताएवढा पंखा असतो, तिला गार ठेवायला. पण तो सदा फिरत नाही, पेटी तापली तरच फिरतो. टेबलावर उघडी पेटी कधी तापलीच नाही, त्यामुळे पंखा गप्प होता आणि त्याच्या गप्प बसण्याची कुणाला शंका आली नाही. आता पेटी तव्यासारखी झाली होती आणि पंखा नुसता कुंथत होता, हूं हूं, पण जागचा हलत नव्हता.

तिनं वायर काढली. पेटी निवू दिली, तो जाडा डबा रिकामा केला, झाकण उघडलं. पेन्सिलीनं पंख्याचं पातं ढकललं. पातं हललं नाही. मग बारीक चिमटा घेऊन पंख्याच्या दांड्याशी खरवडलं, आणि एक दोरा सुटा झाला. तिनं तो ओढला. येतच राहिला. घट्ट, वेढ्यावर वेढा. शेवटच्या टोकाला एक वाळून चुरगळलेली झेंडूची पाकळी.

दोरा मरून रंगाचा होता.

आता हे परगावच्या माणसाला सांगायला हवं. खंडेनवमीला आमच्याकडं प्रत्येक हत्याराची पूजा होते. सुताराची करवत, शिंप्याचं मशीन, रिक्षा, काटा, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. सिद्धेश्वरीचा उत्साह त्यात जरा जास्तच. ती सोल्डरिंगच्या कांडीला हार घालते, मीटरला घालते, मल्लिनाथच्या तिकिटाच्या मशीनलाही घालते. बाजारचे हार पांढऱ्या दोऱ्यात ओवलेले असतात. ही स्वतः ओवते, आणि ओवते चादरीच्या सुतात, कारण मागवाल्यांकडून तिला उरलेल्या कांड्या मिळतात. या वर्षीचं सूत मरून होतं. आणि खंडेनवमीला सरांची गाडी तिच्याच दुकानासमोर उभी होती, वाचायचा दिवा बसवायला. यंत्र ते यंत्र, म्हणून सिद्धेश्वरीनं बाकडं उचलून कन्व्हर्टरलाही हार घातला होता. हाराचं टोक जाळीतून आत लोंबलं, पंखा एकदा फिरला आणि सगळं सूत त्यानं आपल्या अंगाला गुंडाळून घेतलं. सरांनी पुढं वाळलेली फुलं काढली. दोरा आत आहे हे त्यांना कसं कळावं?

सिद्धेश्वरी दोऱ्याकडं बघत होती. मी सिद्धेश्वरीकडं.

"भावजी, तुमी काय बघितलं?"

"मी? काहीच नाही. चष्म्यावर घाम आलाय." आणि मग, आयुष्यात एखाद्या वेळी माझ्याही हातून चांगलं घडतं, मी म्हणालो, "नवा पंखा घाल आणि सांग की पंखा खराब निघाला. खोटं काय त्यात? फिरत नव्हताच की."

ती माझ्याकडं बघून हसली, पण मनापासून नाही. "पंखा खराब म्हटलं तर पोरगं काय म्हणंल? आदी मळ्यातली लाईट, आता पंखा, उद्या आणि काय. आन् गाडी घिऊन जाईल. खरं सांगितलं तर गाडी ऱ्हाईल आन् नुसती माझी लाज जाईल. ती काय, आठ दिवसांत परत येती."

मग तिनं पंखा साफ केला, दार-खिडक्या लावून पुन्हा तीच परीक्षा घेतली. या वेळी पेटी तापायला लागली तसा आतून भुर्रकन आवाज आला, आणि पेटी कोमटच राहिली. मी बाहेर आलो तर गल्लीत चार बायका माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होत्या. बातमीत आता माझंही नाव शिरलं होतं, हे मला माझ्या घरी गेल्यावर कळलं.

रविवारी राजस आला. गल्ली जमली. ती मी जमवली, कबूल. सिद्धेश्वरीनं गाडीच्या दारात उभं राहून तळहातावर दोरा धरला.

"राजस, तुझ्या आईची गाडी मी जाळत होते." आणि सगळं सांगितलं, हार, सूत, मळ्यातल्या लाईटीवर ढकललेलं पाप. कुठं आवाज खाली आणला नाही. कोणीतरी मागं खिदळलं, तिकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

राजसनं दोरा हातात घेतला. "आणि पुन्हा काही अडकलं तर?"

"जाळीवर बारीक जाळी मारलीय. फुलाची पाकळीबी जायची न्हाय. आन् हे बघ, पेटीला एक उष्णतेचा स्विच लावलाय. पंखा थांबला तर पेटी जास्त तापायच्या आत आपली आपण बंद हुती. पेटी लाकडापासून वर उचललीय. आता कायबी बिघडलं तर दिवे जातील, तुझी आई न्हाय."

"पंखा धरून दाखवता?"

हा प्रश्न मला आवडला. तिलाही आवडला असावा. तिनं झाकण उघडून, पेन्सिल आडवी घालून पंखा अडवला, झाकण आणि फळकूट परत लावलं, आणि सगळे थांबले. राजस उकाड्यात आत बसून राहिला, फळकुटाला कान लावून. यशोदाबाई पायरीवर बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत. मग खट्ट आवाज झाला. पेटी बंद पडली. राजसनं फळकूट उचलून आत हात घातला, आणि तो हात तसाच पेटीवर ठेवून बसला. चटका बसला नाही.

खिशातून फोन काढून त्यानं पुण्याच्या गिऱ्हाइकाला लावला. "सॉरी, गाडी विकायची नाही. आई हंपीला चाललीय."

यशोदाबाई उठल्या आणि सरळ ओट्याशी जाऊन डबे लावायला लागल्या, जणू तासाभरात निघायचंय. सरांनी त्यांच्यामागं जाऊन काहीतरी विचारलं, तर ऐकू आलं, "तुम्ही या की हवं तर."

एवढ्या गोड प्रसंगी मला गप्प राहवेना. मी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "काय सिद्धेश्वरीबाई, मग पुढच्या खंडेनवमीला यंत्रांना हार बंद का?"

ती पेटीचे स्क्रू आवळत होती. मान वर न करता म्हणाली, "बंद कशाला? पयला हार तुमच्या तोंडाला घालते, भावजी. बघू, सूत अडकून थांबतंय का."